लॅपटॉप नग १, चार्जर नग १

नोकरी गेल्याची बातमी आमच्या घरात प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे घेतली. नवऱ्याने गृहकर्जाचा तक्ता उघडला. मुलाने "म्हणजे आता तू दुपारी घरीच?" असं बऱ्याच काळजीने विचारलं. सासूबाईंनी काही न विचारता आल्याचा चहा टाकला. पण कंपनीने पाठवलेलं रिकामं खोकं दारात येऊन पडलं, तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं की हे हॉलमध्ये नको. "येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल, काहीतरी नवीन घेतलंय," नवरा म्हणाला. नोकरी गेलेल्या घरात नवीन वस्तू दिसू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

खोकं मात्र सुरेख होतं. आत करड्या फोमचे साचे, लॅपटॉपच्या मापाची खाच, चार्जरला वेगळा कप्पा. चिकटपट्टीसुद्धा आधीच लावलेली, आपण फक्त वरचा कागद ओढायचा. मला ज्या मीटिंगमध्ये काढलं तिचं नाव 'क्विक कनेक्ट' होतं आणि ती नावाला जागली. एचआरच्या बाईंनी समोरचा मजकूर वाचून दाखवला. मध्येच त्यांचा आवाज तुटायला लागला, तर मीच "येतंय ऐकू, बोला तुम्ही" म्हणून त्यांना धीर दिला. जेवून येईपर्यंत लॅपटॉपला कुलूप लागलेलं. तेव्हा या सगळ्या प्रकरणात कुणी माप घेऊन, डोकं लावून, सवड काढून काही केलं असेल तर ते हे खोकं. ज्याने कुणी फोम कापला, त्याच्या हातात खरोखर कसब आहे.

सोबत एक यादी होती. लॅपटॉप १, चार्जर १, डॉकिंग स्टेशन १, हेडसेट १, माउस १, ओळखपत्र फितीसह १. प्रत्येकापुढे अवस्था लिहायला चौकट : उत्तम, ठीक, खराब. खाली ठळक अक्षरांत सूचना, की यादीत नसलेली कोणतीही वस्तू खोक्यात घालू नये. आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, सर्व साहित्य सुस्थितीत पोहोचल्यावरच ना-देय दाखला, आणि ना-देय दाखल्यानंतरच अंतिम हिशेब व रिलीव्हिंग लेटर.

ती यादी सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली. "बरी केलीये," त्या म्हणाल्या. "पण अनुक्रमांक नाही. आणि देणाऱ्याची सही आहे, घेणाऱ्याची कुठाय?"

हे सांगायला हवं, की सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. माण तालुक्यातली दोन शिक्षकी शाळा. चार्ज देणं हा त्यांच्या दृष्टीने नोकरीतला सगळ्यात गंभीर विधी, लग्नात कन्यादान असावं तसा. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी जडवस्तू संग्रह नोंदवही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली गेली होती आणि नव्या मुख्याध्यापकांनी सही करायच्या आधी प्रत्येक वस्तूला स्वतः हात लावून बघितला होता. लोखंडी कपाट १. फळा २, पैकी १ तडा गेलेला. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा १, ठोक्यासह. पृथ्वीचा गोल १, आस मोडलेला. पोषण आहाराची पातेली, डाव, आणि कोठीतला शिल्लक तांदूळ, तोसुद्धा पुन्हा मोजून. भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, पण ते काढून टाकायची सोय नव्हती. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला होता आणि वरून उत्तर येईपर्यंत घड्याळ जागेवर असणं आवश्यक होतं. शेवटी सगळ्या सह्या झाल्या, तेव्हा त्या कार्यमुक्त झाल्या. मग शाल-श्रीफळ, पोरांची भाषणं, आणि गावातल्या बायकांनी भरलेली खणा-नारळाची ओटी.

"तुमच्यात निरोप समारंभ कधी?" त्यांनी विचारलं होतं. आमच्यात नसतो, असं मी सांगितलं. "मग चार्ज कोण घेणार?" आमच्यात कुरिअरवाला घेतो. यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आण ती यादी इकडे. आपण नीट देऊ."

आम्ही नीट द्यायला बसलो, तर पहिलीच अडचण चार्जरची. घरात एकाच काळ्या रंगाचे, एकाच पिनचे, पासष्ट वॉटचे तीन चार्जर सापडले. एक नवऱ्याच्या बँकेचा, एक मुलाच्या क्लासच्या लॅपटॉपचा आणि एक कंपनीचा. कोणता कोणाचा हे ओळखण्याची घरगुती पद्धत अशी, की ज्याला दाताचे व्रण आहेत तो मुलाचा. हे व्रण तो लहान असतानाचे नाहीत, मागच्या परीक्षेतले आहेत. उरलेल्या दोघांचा निवाडा भिंगाने झाला. चार्जरच्या पाठीवर जो मजकूर छापतात तो वाचण्यासाठी छापलेला नसतो, फक्त छापणं बंधनकारक असतं म्हणून छापतात. बारा प्रकारची मानचिन्हं, त्यात एक फुली मारलेला कचऱ्याचा डबा आणि कुठेतरी कोपऱ्यात मुंगीच्या पावलांनी गेलेला अनुक्रमांक. मी सांगत होते, सासूबाई वहीत उतरवून घेत होत्या, आणि सात म्हणजे सात की एक, यावर आमचा वाद झाला.

मग स्टिकर. लॅपटॉपच्या झाकणावर एका परिषदेचा, एका पळण्याच्या शर्यतीचा (पळाले नव्हते, नाव नोंदवलं होतं) आणि मुलाने चिकटवलेला एक डायनासोर. वरचा कागद नखाने निघतो, खालचा चिकटा राहतो. त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवून थोडा वेळ ठेवलं, की कापसाने स्वच्छ पुसून निघतो. डायनासोर गेला, पण त्याच्या जागी झाकणाचा मूळ रंग जरा गडद राहिला, शेपटीसकट.

कळफलकात मात्र तेल चालेना. खंडेनवमीला आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा. सासरे होते तेव्हा करवत, हातोडी आणि स्कूटर, आता लॅपटॉप. घरून काम सुरू झाल्यापासून सासूबाई दरवर्षी पाटावर लॅपटॉप ठेवून हळद-कुंकू वाहतात, झेंडू ठेवतात, आणि त्या दिवशी तो उघडू देत नाहीत. त्यामुळे एंटरच्या आणि शिफ्टच्या फटीत थोडं कुंकू कायमचं जाऊन बसलंय. ब्रशने निघालं नाही, फुंकरीने निघालं नाही. अवस्थेच्या चौकटीत काय लिहावं? 'ठीक' म्हटलं तर कारण द्यावं लागणार. 'उत्तम' लिही, सासूबाई म्हणाल्या, पूजेत असलेली वस्तू आहे.

नवऱ्याचं मत वेगळं होतं. तो सहकारी बँकेत आहे, त्यामुळे घसारा हा त्याचा आवडीचा विषय. त्याचं म्हणणं, आपण एवढा जीव कशासाठी टाकतोय? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलेलं आहे. सर्व्हरला ६, फर्निचरला १०. आयुष्य संपल्यावर शिल्लक किंमत सहसा मूळ किमतीच्या ५ टक्क्यांच्या वर धरत नाहीत. माझा लॅपटॉप चौथ्या वर्षात होता, म्हणजे हिशेबाच्या वहीत जवळजवळ वारलेला. "तुझ्या पुस्तकी किमतीपेक्षा या खोक्याचं भाडं जास्त असेल," तो म्हणाला, आणि मग घाईने, "लॅपटॉपच्या म्हणतोय मी."

पण त्यांना लॅपटॉप नकोच असतो, आतली डिस्क हवी असते. खरं तर डिस्कही नको, ती दुसऱ्याकडे नको. पूर्वी संगणक टाकून देताना डिस्कवर पुन्हा पुन्हा काहीबाही गिरवून जुनं पुसत, किंवा सरळ भोक पाडत. आता सगळी डिस्क मुळातच सांकेतिक लिपीत असते आणि ती उलगडणारी किल्ली वेगळी ठेवलेली असते. किल्ली नष्ट केली की आत सगळं जागच्या जागी असूनही कुणाला काही वाचता येत नाही. माझी इतक्या वर्षांची कामं, मुलाचा शिवकालीन किल्ल्यांचा प्रकल्प आणि सासूबाईंच्या हयातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत, असं सगळं त्या खोक्यात शाबूत बसलेलं, आणि किल्ली विहिरीत. "माझा दाखला त्यांच्याकडे राहिला?" सासूबाईंनी विचारलं. गेल्या वर्षीचा आहे, मी म्हटलं. "मग राहू दे. मी तेव्हा होतेच."

काय परत मागितलं नाही, हेही बघण्यासारखं आहे. रुजू झाले त्या दिवशी एक स्वागत-संच मिळाला होता : पाण्याची बाटली, डायरी, आणि छातीवर कंपनीचं ब्रीद लिहिलेला टी-शर्ट. डायरीत दुधाचा हिशेब आहे. बाटली मुलाने क्लासमध्ये हरवली. टी-शर्टने नवरा रविवारी गाडी पुसतो. हिंजवडी ते खराडी, पुण्यातल्या अर्ध्या गाड्या कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या ब्रीदवाक्याने पुसल्या जात असतील.

यादी भरून झाल्यावर ती पोर्टलवर चढवायची होती. पोर्टलला कंपनीचं लॉगिन लागतं आणि ते बंद केलेलं. दुसरा मार्ग होता, ओटीपीचा. मी बटण दाबलं. ओटीपी माझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवल्याचं मोठ्या आनंदाने कळवण्यात आलं. तो ईमेल त्याच दुपारी बंद झाला होता. म्हणजे ओटीपी येत होता, पण ज्या खोलीत येत होता त्या खोलीची किल्लीसुद्धा विहिरीतच. मदतीच्या चॅटवर एक यंत्र होतं, त्याने "कृपया आपल्या मॅनेजरशी संपर्क साधा" असं सांगितलं. मॅनेजरही माझ्यासोबतच गेले होते. त्यांना फोन केला, तर तेही चार्जर शोधत होते.

शेवटी आपणहून फोन आला. सुरुवात हिंदीत झाली, मग इंग्रजीत, मग मागे कुकरची शिट्टी झाली आणि सासूबाईंनी "अगं, गॅस बारीक कर" म्हणून हाक मारली, तेव्हा पलीकडून आवाज आला, "मराठी का मॅडम? मग सोप्पंय." मुलगा लातूरकडचा होता. अ‍ॅसेट टीममधून बोलतोय म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या कंपनीने ओटीपी..." तर मध्येच म्हणाला, "मी कंपनीचा नाही मॅडम, व्हेंडरकडून आहे. आमचं काँट्रॅक्ट आहे मार्चपर्यंत. पुढचं काय माहीत नाही." त्याने सगळी माहिती फोनवरच भरून घेतली. चार्जर घातला का, हे तीनदा विचारलं. "राग मानू नका, पण लॅपटॉप कुणीच विसरत नाही आणि चार्जर सगळेच विसरतात. इथं गोडाऊनला लॅपटॉपच्या थप्प्या लागल्यात आणि चार्जरसाठी फोन करत बसलोय आम्ही." फोन ठेवताना तो म्हणाला, "सॉरी हं मॅडम, तुमचं असं झालं त्याबद्दल." या सगळ्या प्रकारात मला कुणी सॉरी म्हटलं ते एवढंच, आणि तेही जो कंपनीचा नाही त्याने.

न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या रात्री खोकं भरलं. बाहेरून एक लेबल लावायचं होतं : लाल तिरप्या रेघांची चौकट, आत बॅटऱ्यांचं चित्र, त्यातली एक पेटलेली, आणि खाली यूएन ३४८१. लिथियम-आयन बॅटरी उपकरणातच बसवलेली किंवा त्याच्यासोबत बांधलेली असेल, तर जगभर हाच क्रमांक चालतो. सासूबाईंनी चित्र निरखून बघितलं. "हे पेट घेतं? आणि तू मांडीवर घेऊन बसायचीस?"

आणि मग, मला ज्याची कल्पना यायला हवी होती, ते निघालं. "रिकामं नको पाठवू हं," त्या म्हणाल्या.

रिकामं कुठाय, भरलंय की, मी म्हटलं. पण मला कळलं होतं. शेजारणीचा डबा आला तर तो धुऊन रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या घरातला घटनेपेक्षा जुना नियम आहे. निदान चमचाभर साखर तरी घालायची. गुळाचा खडा, दोन लाडू, परसातल्या कढीलिंबाची डहाळी, जे असेल ते. लॅपटॉप त्यांनी दिला होता, इतकी वर्षं त्यावर आपण जेवलो, आता परत देताना नुसता द्यायचा? मी त्यांना ठळक अक्षरांतली सूचना वाचून दाखवली. यादीत नसलेली वस्तू चालत नाही. शिवाय त्यांनी मला परत पाठवलंय, ते काय घालून पाठवलंय? "ग्रॅच्युइटी देतील ना?" त्या म्हणाल्या. ती कायद्याने आहे, १९७२ पासून. पाच वर्षं सलग झाली की दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. कायद्याने दिलेलं धरत नाहीत. "मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि मी वाद जिंकला असं समजून झोपायला गेले.

कुरिअरचा मुलगा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत येणार होता आणि संध्याकाळी सात वाजता आला. सासूबाईंनी त्याला दारात उभं करून वहीवर सही करायला लावली : नाव, दिनांक, वेळ. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणासाठी तरी बोटाऐवजी पेनाने सही केली असावी. त्याला ती जमेना, मग मराठीत केली. खोकं लिफ्टमधून खाली गेलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा घर मोठं दिसायला लागलं. टेबलाचा तो कोपरा सासूबाईंनी लगेच निवडण-टिपणासाठी घेतला.

हिशेबाबद्दल थोडं, कारण लोक विचारतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे, काढलं असो की राजीनामा असो, निघणारं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. चार्जरचा त्यात कुठे उल्लेख नाही. पण ज्याच्या हातात रिलीव्हिंग लेटर असतं त्याला कलम वाचून दाखवायची आपली हिंमत होत नाही, कारण पुढची नोकरी त्या कागदाशिवाय आत घेत नाही. एवढ्या बाबतीत शाळा आणि कंपनी सारखीच निघाली. फरक असलाच तर हा, की शाळेत पृथ्वीचा गोल मोडका चालतो.

मी पैशांची वाट बघत होते आणि आला तो लातूरच्या मुलाचा फोन.

"मॅडम, तुमचं सगळं मिळालं. चार्जरपण. फक्त एक वस्तू जास्तीची आलीये."

काय, मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. सासूबाई समोर मेथी निवडत होत्या आणि त्या एकाएकी जास्तच मन लावून निवडायला लागल्या.

"छोटी डबी आहे. स्टीलची. झाकणावर नाव घातलंय मशीनने. बारकोड नाही, त्यामुळे स्कॅन होत नाही. आणि स्कॅन झाल्याशिवाय तुमची केस क्लोज होत नाहीये. सिस्टीम म्हणते, एक नग जास्त."

कमी असतं तर? "कमीला आहे पर्याय. पगारातून कापायचं. जास्तीला नाहीच पर्याय." त्याने जरा आवाज खाली घेतला. "आत साखर होती मॅडम, वेलदोडे घातलेली. ती आम्ही चहात टाकली. आज सगळ्या टीमने चांगला चहा पिला. पण डबीचं काय करू?"

परत पाठवा, मी म्हटलं. "ते नाही जमत ना. आमच्याकडे फक्त इनवर्ड आहे. एम्प्लॉयीला काही पाठवायचं असेल तर एम्प्लॉयी आयडी लागतो, आणि तुमचा तर बंद झालाय."

स्पीकर चालू होता. सासूबाईंनी मेथी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि माझी वही मागितली. म्हणजे त्यांच्याकडे आपली वस्तू शिल्लक आहे, सही त्यांच्या माणसाची आहे, आणि ना-देय दाखला आपण त्यांच्याकडे मागतोय? हे उलटं झालं. चष्मा शोधून झाला. मला म्हणाल्या, "तू घे लिहून, तुझं अक्षर वाईट आहे पण चालेल. प्रति, माननीय व्यवस्थापक, मालमत्ता विभाग. विषय : स्टीलची डबी, नग एक, झाकणासह, परत मिळणेबाबत. संदर्भ लिही : आपल्या प्रतिनिधीची आमच्या वहीतील सही. आणि खाली टीप घाल, की सदर डबी परत मिळेपर्यंत आम्हीही त्यांना ना-देय देऊ शकत नाही."

फोनवरचा मुलगा म्हणाला, "आजी, याची एक प्रत मलापण पाठवा. मार्चमध्ये लागेल."